आत्याचे पांढरे शेरे

नारायण पेठेत माझ्या आत्याचं वधूवर मंडळ होतं. कॉम्प्युटर घेतल्यावर तिने मुलांची यादी माझ्याकडून त्यात चढवून घेतली, पण जुनी खोड सोडली नाही. वहीत ती पेन्सिलीने खरे शेरे मारायची. आता मुलाच्या माहितीपुढे, त्याच चौकटीत, पांढऱ्या अक्षरांत टाइप करू लागली. कागदावर दिसायचे नाहीत, पडद्यावर चौकटीवर टिचकी मारली की वरच्या पट्टीत वाचता यायचे. महा लबाड बाई!

यादीत मीही होतो, कॉम्प्युटरवाल्यांत. आणि रविवारच्या मेळाव्याला अमरावतीची ती मुलगी येणार होती. ती नाव नोंदवून गेल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. तिची नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याची. तिने होकार द्यावा, बास, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी आत्या म्हणाली, "हल्ली मुलीवाले सॉफ्टवेअर म्हटलं की खुलतात. 'कॉम्प्युटर' आहे तिथे 'सॉफ्टवेअर' कर. एकेक बघून कर हो."

एकेक? मी काय कारकून आहे? एका फटक्यात सगळे शब्द बदलले आणि न बघता प्रती छापल्या. शब्द असा बदलला की चौकटीतल्या पहिल्या अक्षराचा रंग सगळ्या मजकुराला लागतो, हे मला कुठे ठाऊक! पहिलं अक्षर काळं होतं.

मेळाव्यात प्रती वाटल्या. हळूहळू खुसखुस सुरू झाली. 'उंची बुटांसकट.' 'आई बोलते, हा मान हलवतो.' बँकवाले सुटले, कॉम्प्युटरवाले तेवढे उघडे पडले. एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, माहिती राहू द्या. पुढच्या वेळी नुसते शेरेच छापा." आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेल्या प्रती पाठीमागे लपवल्या.

तेवढ्यात ती मुलगी माझ्या नावावर बोट ठेवून समोर उभी. 'भाचा. मनाने चांगला. सगळं येतं असं वाटतं, बघून काही करत नाही.'

"यादी कोणी केली?"

"मी."

"बदलल्यावर तपासली नाही?"

"नाही."

ती खळखळून हसली. "चला, एक तरी स्थळ लिहिल्याप्रमाणे निघालं."

आत्या आता नाही. काल मी माहितीपत्रक न वाचता नवा मिक्सर खोलून बसलो, तेव्हा बायकोने कपाटातली ती यादी मुकाट्याने माझ्यापुढे ठेवली. हसायला गेलो आणि डोळे भरून आले. मनाने चांगला, असं आत्या मला तोंडावर कधीच म्हणाली नव्हती.