अक्काची प्रत

नवं पुस्तक घरी आलं की काका ते लगेच वाचायला घेत नसत. आधी ते टेबलावर उभं धरायचे, दोन्ही पुठ्ठे अलगद आडवे टाकायचे. मग पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, पुन्हा पुढची, असं शिवणीजवळ अंगठ्याने दाबत दाबत मध्यापर्यंत यायचे. "अंग मोकळं होऊ दे त्याचं," म्हणायचे. "एकदम उघडलं की पाठ मोडते."

ते नाशिकला, आमच्या गंगापूर रोडच्या इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. नोकरी रेल्वेत, मनमाडला. रोज गाडीने जाणं-येणं, त्यामुळे आयुष्यात दुसरं काही नाही तरी वाचन भरपूर झालं असं ते सांगत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. तुमच्याही ओळखीत असा एखादा वाचणारा असेल, ज्याच्याकडून पुस्तक मागून आणताना आपण आधी हात धुतो. काकांचे नियम कडक होते. पान दुमडायचं नाही, पेन लावायचं नाही, पुस्तक पालथं घालायचं नाही. मी एकदा पालथं घातलं तर म्हणाले, "तुला तोंडावर झोपवून कुणी चहा प्यायला गेलं तर चालेल का गं?"

हे सगळे नियम एकाच माणसाला माफ होते. ती त्यांची मोठी बहीण, अक्का. अक्का दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागायतदार घरात दिलेली. शाळा सातवीत सुटली, पण तोवर तिने धाकट्या भावाला वाचायला शिकवलं होतं. काकांचं वाचून झालं की पुस्तक दिंडोरीला जायचं. कधी भाचा नाशिकला आला की त्याच्याबरोबर, कधी ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती. परत यायचं ते ओळखू न येण्यासारखं. कोपरे दुमडलेले, पानांवर हळदीची बोटं, आणि समासात पेन्सिलीने अक्काची मतं. 'खोटं.' 'बाई अशी बोलत नाय.' 'याला कामधंदा नाय का?'

"बघ काय केलंय," काका मला दाखवायचे. तक्रार करत करत एकेक शेरा वाचून दाखवायचे आणि शेवटी स्वतःच हसायचे.

मग काकांच्या हातांना कंप सुटला. आधी उजव्या, मग दोन्ही. डॉक्टर म्हणाले कंपवात. चहाचा कप अर्धा भरायला लागले, शर्टाच्या गुंड्या माझा नवरा लावून द्यायला लागला. यातल्या कशाचंच त्यांना फारसं वाटत नव्हतं. पण एका दुपारी मी भाजी द्यायला गेले तर ते खुर्चीत नुसते बसलेले. मांडीवर पुस्तक आणि हातात एक फाटलेलं पान. उलटताना हात हिसडला होता.

"माझ्या हातून फाटलं गं," म्हणाले.

मी चिकटपट्टीने पान जोडून दिलं. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि वाचणं बंद केलं. टीव्ही लावायला लागले. खालून दिवसभर बातम्या ऐकू यायच्या आणि मला त्या आवाजाने अस्वस्थ व्हायचं, कारण तो आवाज त्या घराचा नव्हता.

मुलीने बंगळूरहून ई-रीडर पाठवला. काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. "पाटी आहे ही. पहिलीत परत बसवतेय मला." महिनाभर तो खोक्यातच पडून होता. शेवटी मीच काकूंचं पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड माळ्यावरून काढलं, त्यावर ती पाटी ठेवली, अक्षर मोठं केलं आणि म्हटलं, "धरू नका. नुसतं बोट लावा."

बोट लागलं ते तीनदा लागलं. तीन पानं पुढे. मागे यायला गेले तर अख्खं प्रकरण मागे. आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी बोटाऐवजी मुठीची मागची बाजू टेकवून पाहिली. ते जमलं. मी स्वयंपाकाला वर आले आणि लक्षात आलं, खाली टीव्ही बंद झाला होता.

वाचायला लागले म्हणजे पाटी आवडली असं नाही. "उजव्या हाताखाली किती उरलंय ते कळत नाही," म्हणायचे. "पुस्तक संपत आलं की हाताला कळायचं. मग मी मुद्दाम हळू वाचायचो. ही म्हणते चौसष्ट टक्के. मी काय परीक्षेला बसलोय?" दुसऱ्या दिवशी मात्र सांगायचे, "पण एक आहे. हिला माझा हात हलतो ते कळतच नाही. अक्षर जागच्या जागी."

भांडण निघालं ते दिंडोरीहून. अक्काचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काका फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायचे.

"तुजं वाचून झालं का?"

"झालं."

"मंग पाठव की."

"अगं, कशात पाठवू? ते यंत्रात आहे."

"यंत्रात हाय म्हंजे? तू वाचलं ना? मंग माजं काय?"

"तुलाही एक यंत्र घेऊ का?"

"माजे हात बरे हायेत. मला पुस्तक पायजे."

काकांनी मग तोड काढली. एकच कादंबरी दोनदा विकत घ्यायची. एक पाटीत, एक छापील, दिंडोरीला. यातून एक गोष्ट झाली जी त्यांच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. बहीण-भाऊ एकाच वेळी एक पुस्तक वाचायला लागले. आजवर अक्का कायम मागे असायची. भावाचं झालं की तिची पाळी. आता रोज संध्याकाळी फोन.

"कितव्या पानावर आहेस?"

"दुमडलंय तिथं. तू?"

"माझ्याकडे पान नाही. एकतीस टक्के."

"ते काय आसतं?"

मग काका एक ओळ वाचायचे, अक्का पानं चाळायची. "हां, घावलं. लय मागं हाय तू." किंवा "थांब, पुढचं सांगू नको." शेवटी तिच्या सोयीने दोघं थांबायचे. शेरे आता समासात नव्हते, थेट फोनवर होते, आणि मला वर आमच्या गॅलरीत ऐकू यायचे.

शेवटची कादंबरी जाडजूड होती. भावाशी भांडून माहेर कायमचं सोडून गेलेल्या एका मुलीची. अक्काने तिच्यात जीव गुंतवला होता. द्राक्षांची काढणी ऐन भरात होती, घरात मजुरांची जेवणं होती, तरी दोन पानं तरी वाचायचीच. त्यातच तिला धाप लागली. दिंडोरीहून नाशिकच्या दवाखान्यात आणलं. मी काकांना घेऊन गेले. अक्का उशीला टेकून बसली होती, तोंडाला मास्क. तो बाजूला करून तिने पहिलं काय विचारलं असेल?

"ती पोरगी परत येती का रे माहेरी?"

काका तिच्या पायांवरची चादर सारखी करायला लागले.

"तुजं वाचून झालंय. मला म्हायतीय. सांग."

"घरी गेलीस की वाच," काका म्हणाले. "मी नाही सांगणार."

अक्का हसली. मास्क पुन्हा लावला. परत येताना गाडीत काका म्हणाले, "खरंच झालंय गं वाचून. त्या पाटीने थांबूच दिलं नाही, आणि हिला रोज खोटं सांगत होतो. आज सांगून टाकणार होतो. पण शेवट सांगितला असता तर तिला वाटलं असतं, हा आपल्याला निरोप द्यायला आलाय."

दोन दिवसांनी अक्का गेली.

तेराव्याला आम्ही दिंडोरीला गेलो. पंगती उठल्यावर भाचेसुनेने पुस्तक आणून दिलं. "मामा, आईंच्या उशाशी व्हतं." काकांनी ते घेतलं नाही. मला म्हणाले, "उघड." दुमडलेला कोपरा सापडला. तिथवरची पानं जाडसर, हाताळून फुगलेली. पुढची पानं गुळगुळीत, पांढरी, एकमेकांना चिकटलेली.

"शेवटचं प्रकरण काढ. पानं तू उलट."

ओटीवर बसून काकांनी ते मोठ्याने वाचलं. हात मांडीखाली दाबून धरले होते, आवाज मात्र स्थिर होता. पाटीत हेच त्यांनी वाचलेलं होतं, मोठ्या अक्षरात, कुणाच्या मदतीशिवाय. पण ती प्रत त्यांची होती; ही अक्काची होती, आणि अर्धवट होती. गोष्टीतली मुलगी परत आली. उंबऱ्यापर्यंत आली, दारातून घर पाहिलं आणि आत न जाता वळली.

काका थांबले. आवराआवर करणारी भाचेसून ओल्या हातांनी दारात कधी उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"आत का नाय गेली?" तिने विचारलं.

"काय वाटतं तुला?"

"मला कसं ठावं? आदीचं कुटं ऐकलंय मी." ती जरा घुटमळली. "ती गेलीच का व्हती पन?"

काकांनी मानेनेच तिला ओटीवर बसायची खूण केली. मग मला म्हणाले, "पहिलं पान काढून दे तिला."

पुढच्या वर्षी मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली. तिथेच ते गेले. खालच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत.

मला मात्र काका आठवतात ते त्या तेराव्याच्या दिवशी दिंडोरीहून परत येताना. दोन्ही बाजूंना काढणी झालेल्या बागा, रिकाम्या तारा. अर्ध्या वाटेत मला एकदम आठवलं, आणि मी गाडी कडेला घेतली. "काका, पुस्तक तिकडेच राहिलं. मागे फिरू का?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. थरथरते दोन्ही हात मांडीवर मोकळे सोडलेले.

"राहू दे," म्हणाले. "तिने आज कुठे सुरू केलंय."