एक हजार गुलाबी प्रती आणि प्राचीचा चिखल

माझ्या धाकट्या बहिणीनं बारावीनंतर काय शिकावं, यावर कोपरखैरण्यातल्या एक हजार घरांचं मत मागवायचं, असं आमच्या घरात कधीही ठरलं नव्हतं. तरी ते मागवलं गेलं. गुलाबी कागदावर छापून, रविवारच्या पेपरात घालून! आणि ते मागवणारी बाई, म्हणजे मी, ‘विद्यार्थ्यांना त्यांचा निर्णय घेऊ द्या’ या मागणीसाठी गेली तीन वर्षं घसा फोडते आहे.

मी एका छोट्या विद्यार्थी संघटनेत आहे. छोटी म्हणजे इतकी, की आमचं ऑफिस माझ्या सॅकमध्ये मावतं आणि पत्रकाखाली संपर्कासाठी पप्पांचा मोबाइल नंबर छापतो. (सभेत माझा फोन बंद असतो. पप्पा तुर्भ्याच्या कंपनीत मेंटेनन्सला, त्यांचा कधीच बंद नसतो.) आमचा लढा आहे तो परदेशी शिक्षणाच्या चकचकीत दुकानांशी. पोरगं काचेच्या दारातून आत गेलं की दहा मिनिटांत त्याला देश, कोर्स आणि हॉस्टेल चिकटवून बाहेर काढतात. तुला काय आवडतं, हे विचारायला त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नसतो! याचा मी जाहीर निषेध करते. आजही करते. पण आता जरा हळू आवाजात करते, त्याचं कारण पुढे येईल.

आमच्या घरात प्राचीवरून तीन पक्ष पडले होते. पप्पांचा पक्ष इंजिनिअरिंगचा.

“वीस वर्षं मी इंजिनिअर लोकांनी बिघडवलेली मशीनं दुरुस्त करतोय,” ते म्हणायचे. “आता आपल्या घरातलं कुणीतरी बिघडवू दे की!”

दुसरा पक्ष मामाचा. मामाने उलव्याला फ्लॅट घेतल्यापासून तो जगाकडे बाल्कनीतूनच बघतो. “बिझनेस शिक आणि बाहेर जा, प्राचे. एअरपोर्ट माझ्या घरातून दिसतो. तुला सोडायला यायचं म्हणजे मला फक्त चप्पल घालायची!”

तिसरा पक्ष खुद्द प्राचीचा, आणि त्याचं निवेदन कुणीच ऐकून घेत नव्हतं. प्राचीला चिखल शिकायचा होता. हो, चिखल! लोक खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातात. आमची प्राची फ्लेमिंगो ज्यात उभे असतात ते बघते. आमच्या फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी चिखलाच्या तीन बाटल्या असतात, तारखा घालून. (मामाने एकदा चिंचेचा कोळ समजून एक बाटली उघडून नाक आत घातलं होतं. तेव्हापासून तो बिझनेसबाबत जास्तच आग्रही आहे.)

तर प्राचीनं स्वतःच शोधून परदेशातल्या एका विद्यापीठाचा सायन्सचा फॉर्म भरायला घेतला. दोन गोष्टी हव्या होत्या: हा विषय का निवडला यावर एक निबंध आणि पालकांची सही. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पप्पा सहीला अजून ‘बघू’ म्हणत होते. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नकार नसतो, पण होकारही नसतो. तो फक्त चहा संपेपर्यंतचा वेळ असतो.

निबंध तिनं आधी मराठीत लिहिला आणि शनिवारी सकाळी मला पाठवला.

“ताई, फक्त शुद्धलेखन बघ हां. बाकी हात लावू नकोस.”

पहिलंच वाक्य होतं: ‘मला खाडीतला चिखल आवडतो, कारण त्यात काय काय जिवंत आहे हे अजून कुणालाच नीट माहीत नाही.’

मी हबकले. ही काय भाषा झाली? यात अन्याय कुठे आहे? शत्रू कोण? मागण्या किती? अशा मवाळ लिखाणावर कुठलं विद्यापीठ हलणार? ठरवलं, बहिणीसाठी आपण लढायचं! अर्ध्या तासात मी तो निबंध नव्यानं लिहून काढला:

‘जागे व्हा! माझे वडील म्हणतात इंजिनिअरिंग! माझे मामा म्हणतात बिझनेस! विमानतळाशेजारी फ्लॅट घेतला म्हणून भाचीला विमानात कोंबायचं, हा कुठला न्याय? मशीनच्या तेलात बुडालेल्या पिढीनं चिखलाकडे नाक मुरडावं? ही घरगुती दडपशाही आम्ही खपवून घेणार नाही! आमच्या मागण्या: एक...’

मागण्या पाच होत्या. खाली सवयीनं ‘वाचा आणि दुसऱ्याला द्या’ लिहिलं. त्याखाली, सवयीनंच, पप्पांचा नंबर.

प्राचीला कागदावर दाखवावं म्हणून मी तो मजकूर सावंतकाकांना पाठवला. सावंतकाका म्हणजे आमच्या गल्लीतले डीटीपीवाले. आमचं प्रत्येक पत्रक तेच मांडतात, गुलाबी कागदावर हजार प्रती छापतात आणि पेपरवाल्याकडे पोचवतात. मला एक प्रिंट हवी होती. एक! पण मथळा, उद्गारचिन्हं आणि मागण्या बघून काकांनी आपला निष्कर्ष काढला आणि मला फोन केला. मी तेव्हा कॉलेजच्या गेटवर घोषणा देत होते.

“पोरी, नेहमीसारखंच ना?”

“हो काका, नेहमीसारखंच!” मी ओरडले आणि पुढची घोषणा दिली.

रविवारी सकाळी पप्पांनी पेपर झटकला आणि गुलाबी कागद त्यांच्या चहाच्या कपावर जाऊन बसला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून वाचला, जणू चष्म्याचाच काही दोष असावा.

“प्राची, मी दडपशाही करतो?”

प्राचीनं कागद घेतला. तिचा चेहरा हळूहळू कागदाच्या रंगाचा झाला. “पप्पा, हे मी लिहिलेलं नाही. यातला फक्त ‘चिखल’ शब्द माझा आहे.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं तर गॅस बंद करून पाहिलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

“छपाईतली चूक,” मी म्हटलं.

तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला आणि मग थांबलाच नाही. एक गृहस्थ म्हणाले, मुलीला कॉमर्सला घाला, सगळीकडे चालतं. दिघ्याच्या एक बाई म्हणाल्या, “दादा, तुमी पोरीला मारता काय ओ?” तिघांनी तर विचारलं, विमानतळाशेजारचा तो फ्लॅट भाड्यानं मिळेल का? पप्पांनी त्यांना शांतपणे मामाचा नंबर दिला. तासाभरात मामा उलव्याहून रिक्षा करून हजर!

“ताई, तुझी ही मोठी लेक मला आयुष्यातून उठवणार!” तो आईला म्हणाला आणि माझ्यापुढे कागद नाचवला. “विमानात कोंबतो मी? कोंबतो?”

“भावना पोचवण्यासाठी शब्द वापरला, मामा.”

“पोचली ना! पार बेलापूरपर्यंत पोचली!”

पप्पांनी मात्र टेबलावरचा फॉर्म उचलून कपाटावर ठेवला. आमच्या घरात कपाटावर ठेवलेली वस्तू दिवाळीशिवाय खाली येत नाही. प्राची रडली नाही. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “उद्या पाच वाजता संपेल गं सगळं.” घोषणा नाही, उद्गारचिन्ह नाही. मला पहिल्यांदा कळलं, की हळू बोललेलं वाक्य किती लांब जातं.

आणि मग तो फोन आला. पप्पांनी वैतागून स्पीकरवर टाकला. खाडीकाठच्या गावातला एक म्हातारा होता.

“ती चिखल शिकनारी पोर तुमचीच हाय ना? तिला आमच्या जेट्टीवर धाडा. साठ वर्सं त्या चिखलात पाय घालतंय मी. पयलं निवट्या उड्या मारायच्या त्यात, आता एक मासा दिसत नाय. कशानं, तं कोन सांगल? इंजनेर लय आले, मोजून गेले. चिखल बगाला कोनी नाय आला.”

पप्पांनी फोन ठेवला. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

“चल गं, प्राची. बाटली घे.”

मी पण निघाले. (“तू तोंड उघडायचं नाही,” या एका अटीवर.) जेट्टीवर म्हातारबाबांनी जागा दाखवली आणि पप्पा उत्साहानं चार पावलं पुढे गेले. चौथं पाऊल गुडघ्यापर्यंत आत! पाय आला, बूट राहिला. मी हसले नाही. मला परवानगी नव्हती.

प्राचीनं पप्पांच्या पायावरचा चिखल बोटानं काढून बाटलीत भरला. पप्पांनी थोडा नाकाशी नेला आणि एकदम थांबले.

“यात कटिंग ऑइल आहे. मशीनवर लोखंड कापताना ओततात ते.”

“तुम्हाला वासावरून कळतं?”

“वीस वर्षं हाताला तोच वास आहे, बेटा. पण हे इथपर्यंत आलं कुठून? आणि त्यानं ते मासे मरतात, हे तू कसं शोधणार?”

प्राची सांगायला लागली. पप्पा एका बुटावर उभे राहून ऐकत होते आणि मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. आमच्या घरात तिला कुणी प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्यासकट!

सोमवारी सकाळी फॉर्म कपाटावरून खाली आला. दिवाळीच्या खूप आधी. सही करताना पप्पा म्हणाले, “इंजिनिअर नाही तर नाही. बिघाड शोधणारी हो. ते आपल्याच खात्यात येतं.” मामानंही माघार घेतली, त्याची अट एवढीच, की सोडायला चप्पल तोच घालणार. निबंध प्राचीनं स्वतःचाच पाठवला, शुद्धलेखन आईकडून तपासून.

प्रवेश मिळाला. पत्र आलं त्या दिवशी तिनं मला सगळा अर्ज वाचायला दिला. त्यात आणखी एक प्रश्न होता, जो मला तिनं दाखवलाच नव्हता: ‘तुम्ही मात केलेली सर्वांत मोठी अडचण कोणती?’

तिनं लिहिलं होतं: ‘माझी ताई. ती माझ्यासाठी इतक्या जोरात लढते, की मला काय हवंय हे विचारायला तिला वेळ मिळत नाही. पण तिच्यामुळेच आमच्या खाडीवरच्या माणसाचा फोन आला.’

मी तडक सावंतकाकांकडे गेले. “काका, एक माफीपत्र छापायचंय. नेहमीसारखं नाही! एकच प्रत.”

“एका प्रतीसाठी मशीन लावू?” काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “हजार काढतो. ठेव घरात, तुला लागतील.”

मी संतापले. हा माझ्या चारित्र्यावर सरळ सरळ हल्ला होता! तरी गठ्ठा उचलून आणला आणि पलंगाखाली सरकवला.

महिना झाला. सात प्रती संपल्या.