सासूबाईंना समजलेला ब्रेक

लिफ्टच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण परीक्षेचा पेपर समोर आला की गडी पार गारठायचा. चाळिशीत हौसेने पदवीला प्रवेश घेतला आणि एकाच विषयात तीनदा आपटला. आता शेवटची संधी. ती हुकली, तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात.

यंदा नव्या मॅडमनी पेपरच काढून टाकला. "यंत्र तुमचं, माणूसही तुम्हीच आणा," त्या म्हणाल्या. "यंत्रांतलं ओ की ठो न कळणारा. त्याला समजावा. त्याला समजलं का, ते मी त्यालाच विचारणार."

पठ्ठ्याने आणलं कोणाला, तर सासूबाईंना! दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढतील, पण लिफ्टमध्ये पाय टाकणार नाहीत. बायकोने कपाळावर हात मारला.

इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत परीक्षा सुरू झाली. वीज बंद करून त्याने कॉइल, टॉर्क असं धडाधड सांगायला घेतलं.

"पण लाइट गेली की लिफ्ट आदळेल ना?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"राहू द्या आई, तुम्हाला नाही कळायचं."

गिऱ्हाइकांना रोज ऐकवायचं वाक्य, सवयीने निसटलं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

सासूबाईंनी चष्मा सावरला. "जावईबापू, माझं डोकं ठिकाणावर आहे. तुमचं सांगणंच धड नाही. पहिल्यापासून सांगा."

तो खाली बसला आणि त्याने त्यांचा हात ब्रेकवर ठेवला. "वीज असते तेव्हा ती ही स्प्रिंग दाबून ब्रेक उघडा धरते. वीज गेली की..."

"स्प्रिंग सुटते, ब्रेक आवळतो! अहो, हा तर कपड्यांचा चिमटा!"

"मग लाइट गेली तर?" मॅडमनी विचारलं.

"अडकेन. पडणार नाही."

"वीसपैकी अठरा. पास!"

त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. सासूबाई मात्र उसळल्या, "दोन का कापले?"

"'तुम्हाला नाही कळायचं', त्याचे."

"मग बरोबर आहे," म्हणत त्या खाली गेल्या.

त्याने वीज चालू केली, कागदावर सही केली. इतक्यात मोटर फिरायला लागली. त्याने घाबरून जिन्यात डोकावलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं धरून सासूबाई दम लागलेल्या शेजारणीला सांगत होत्या, "चढताय कशाला? या आत. घाबरू नका, समजावते मी."