कटकच्या गल्लीत चौकशी

लग्नाच्या मुलाची गुपचूप चौकशी कशी करायची, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

उत्रोलीत आमची पिठाची गिरणी आहे. आमच्या भोर तालुक्यात एखादं स्थळ आलं की मुलीकडची शहाणी माणसं आधी मुलाच्या गावच्या गिरणीत जातात, दोन किलो गहू घेऊन. दळण होईपर्यंत मुलगा पितो का, आई भांडते का, विहीर कोणाच्या नावावर आहे, सगळं कळतं. वीस वर्षांत माझ्या गिरणीने किती लग्नं जुळवली ते मी अभिमानाने सांगेन. किती मोडली ते सांगणार नाही (त्यातली बरीच मंडळी अजून दळण आणतात).

आमच्या तेजश्रीने पुण्याच्या ऑफिसातला सौम्य नावाचा मुलगा पसंत केला आणि तो ओडिशातल्या कटक शहराचा निघाला. नातेवाइकांनी भाषा, जात, अंतर अशी काळजी आपापसांत वाटून घेतली. माझ्या वाट्याला एकच आली. कटकमध्ये माझ्या ओळखीची एकही गिरणी नव्हती.

"घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," मी सांगितलं.

"बघ की," तेजश्री म्हणाली. "पण तिथं चौकशी करत फिरायचं न्हाई. त्याच्या आईनं त्याला एकटीनं वाढवलंय. मानी बाई आहे. त्यांना लागलं आणि हे मोडलं, तर मी दुसरं स्थळ बघणार न्हाई. कधीच."

"मी कशाला चौकशी करू?"

आमचे हे टॉवेलने तोंड पुसत बाहेर गेले. हसू दाबायचं असलं की त्यांच्या तोंडाला घाम येतो.

एप्रिलच्या कडक उन्हात, रेल्वेत दीड दिवस काढून आम्ही दोघं कटकला पोचलो. सौम्य आणि तेजश्री आधीच आले होते. सौम्यच्या आईचं घर एका अरुंद गल्लीत. समोरासमोरच्या खिडक्या इतक्या जवळ, की या घरातून त्या घरात साखरेची वाटी हात लांब करून देता येईल. आणि देतही होते! खाली ओट्यांवर माणसं वाकून चांदीची केसासारखी तार वळवत बसलेली. दारं सगळी उघडी. गप्पा या खिडकीतून त्या खिडकीत, मधल्या रस्त्याची पर्वा न करता.

"हितं भांडायला लई सोयीचं हाय," आमचे हे म्हणाले.

सौम्यची आई म्हणजे निवृत्त शिक्षिका, बारीक, ताठ. त्या स्वच्छ हिंदीत बोलल्या. ते मी इथे मराठीत देते. माझी हिंदी मात्र कुठल्याच भाषेत देता येणार नाही.

दुपारी पाटावर बसलो आणि पुढे मोठे काशाचे वाडगे आले. त्यात पाणी, पाण्यात भात, आणि तो भात कालचा. आता भाताच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भातशेती. रात्रीच्या भाताला आम्ही सकाळी फोडणी देतो आणि घरातलेच खातो. पाहुण्याच्या नजरेला तो पडू देत नाही. बाजूला तळलेली वांगी, पालेभाजी, कुरकुरीत वड्यांचा चुरा, मासा, सगळं होतं. पण माझं लक्ष त्या पाण्यातल्या भातावर.

"पखाळ," सौम्यची आई म्हणाल्या. "पोटभर घ्या."

पहिल्याच जेवणाला शिळा भात. म्हणजे स्थळ त्यांना पसंत नाही आणि तोंडाने सांगायचं नाही, असा मी अर्थ लावला. आमच्या ह्यांनी कसलाच अर्थ लावला नाही. त्यांनी तीन वाडगे खाल्ले, "पोटात लई गार वाटतंया" म्हणाले आणि तिथेच चटईवर आडवे होऊन घोरायला लागले. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरी पहिल्या तासाला घोरणं, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं.

रात्रभर मी विचार केला. सकाळी उठून म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येते."

"आई," तेजश्री म्हणाली.

"पायच मोकळे करते."

कोपऱ्यावर एक दहीवडेवाला सायकल लावून उभा होता. हँडलला दोन्ही बाजूंनी भलीमोठी ॲल्युमिनियमची भांडी. सकाळी सातला लोक द्रोणात पातळ दह्यातले वडे आणि त्यावर बटाट्याची झणझणीत भाजी खात होते. इथली गिरणी हीच, हे मी एका नजरेत ओळखलं. माझ्याकडे गहू नव्हते, म्हणून एक द्रोण घेतला. (चव अशी, की क्षणभर मी तिथे कशाला आले तेच विसरले.)

दुसऱ्या द्रोणाला मी विषय काढला. निळ्या दाराचं घर दाखवलं. मुलगा कसा आहे? अंगठा तोंडाकडे नेऊन, पितो का? आई तापट आहे का? दहीवडेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मला तिसरा द्रोण दिला, मान वर केली आणि वरच्या खिडकीला ओडियात काहीतरी विचारलं. खिडकीतल्या बाईने समोरच्या खिडकीला विचारलं. समोरच्या खिडकीने पुढच्या. तो प्रश्न माझ्या डोक्यावरून गल्लीत चालत गेला आणि निळ्या दाराशी जाऊन थांबला. उत्रोलीत बातमी पसरायला निदान एक दळण लागतं!

मी पोचले तेव्हा सौम्यची आई उंबऱ्यात उभ्या होत्या. मागे सौम्य. त्याच्या मागे तेजश्री. तिचा चेहरा मी असा फक्त एकदाच पाहिला होता, बारावीच्या निकालाआधी.

"तुम्ही माझ्या मुलाबद्दल दहीवडेवाल्याला विचारलंत?"

नाही म्हणायला जागा नव्हती. तिसरा द्रोण हातात होता.

"विचारलं," मी म्हणाले.

"त्याला कशाला? तो या गल्लीत यायला लागून दोनच वर्षं झाली. त्याला काय माहीत?" त्यांनी चपला घातल्या. "चला. सौम्य, तूही चल. लोक ओडियात बोलतील ते यांना नीट समजावून सांग. जसंच्या तसं."

आणि मानी बाईने माझा हात धरून मला घरोघरी नेलं. प्रत्येक दारात एकच वाक्य: "ह्या मुलीच्या आई. सौम्यबद्दल जे खरं असेल ते सांगा."

पहिल्या घरी एक म्हातारे कंपाउंडर. ते बराच वेळ बोलले. सौम्यने घसा साफ केला.

"ते म्हणतात, मुलगा चांगला आहे. पण लहानपणी इंजेक्शनला घाबरून मी त्यांना चावलो होतो."

दुसऱ्या घरी आम्हाला खाजा दिला आणि सौम्यने खिडकीची काच फोडल्याचं सांगितलं. तिसऱ्या घरी एक आजी हसत हसत सौम्यच्या कानात दोन वाक्यं बोलल्या आणि सौम्य पुढच्या घराकडे निघाला.

"सांग," त्याची आई म्हणाल्या.

"त्या म्हणतात, बारावीत मी त्यांच्या गच्चीवर सिगारेट ओढत होतो." तो जमिनीकडे बघत होता. "आणि त्यांनी आईला सांगितलं नाही."

त्याची आई हळूच त्याच्याकडे वळल्या. माझ्यापेक्षा त्यांचीच चौकशी जास्त चांगली चालली होती.

असं करत नऊ घरं झाली. नऊ घरी खाणं झालं. माझ्या पोटात तीन द्रोण आधीचे होते; नवव्या घरी मी खुर्चीवरून उठताना टेबल धरलं. एका घरी मी कालच्या भाताचा विषय भीत भीत काढला, तर तिथली सून म्हणाली, "मावशींनी पहिल्याच दिवशी पखाळ दिला? मग त्यांनी तुम्हाला घरचं मानलंय. परक्यांना पुलाव करतात." (त्यांच्यातही मावशीला मावशीच म्हणतात, जवळजवळ.) मी खाली मान घालून हातातलं संपवलं.

परतताना माझ्या ध्यानात आलं, की नऊ घरांत या मुलाला स्वतःबद्दलचं वाईट गाळून टाकायची पुरेपूर संधी होती. मला ओडिया येत नाही. सिगारेटच्या जागी तो पतंग म्हणू शकला असता. आई सोबत होती हे खरं, पण तिच्यापासूनच लपवायची गोष्ट त्याने तिच्यादेखत सांगितली. वीस वर्षांत माझ्या गिरणीत इतकी चोख माहिती कोणी दिली नव्हती.

दारात तेजश्री उभीच होती.

"मी हो म्हणते," मी सांगितलं. ती रडली. मी रडले नाही. पोट इतकं भरलं होतं की हुंदका द्यायला जागा नव्हती.

सौम्यच्या आईने मला पाणी दिलं. मी त्यांची माफी मागितली, सरळ.

"माफी कशाला? एकुलती एक मुलगी. तुम्ही विचारलं नसतं तर मला काळजी वाटली असती," त्या म्हणाल्या. अशी माणसं मुलीला मिळाली, याचे आभार मी कोणाकोणाचे मानू? दहीवडेवाल्याचे मानले. निघताना आणखी एक द्रोण घेतला.

मग सौम्यची आई शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीत मी येते तुमच्याकडे, घर बघायला. तुमच्या गावात तुमच्याबद्दल कोणाला विचारू?"

"कोणालाही विचारा," मी म्हणाले. बोलून गेल्यावर मला एकेक घर आठवायला लागलं. आमच्या ह्यांना एकदम टॉवेल लागला.

तेव्हापासून उत्रोलीत मी कोणाशी भांडलेले नाही. बांधावरून बकऱ्या येतात, मी बकऱ्यांची विचारपूस करते. सुमनबाईंशी पाण्यावरून सात वर्षं अबोला होता. त्यांना मी स्वतः जाऊन कोथिंबीर दिली. परवा त्यांनी आमच्या ह्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "भावजी, वैनींना डाक्टरनं काय सांगितलंय का? लई गोड बोलाय लागल्यात. किती दिस हायेत?"

"दिवाळीपातुर," आमचे हे म्हणाले.