पुढची सीट

आमच्या जीपचा विषय निघाला की मी थांबत नाही. कुठून घेतली, टायर कोणते, मावळातल्या चिखलातून कशी बाहेर आली — सगळं ऐकवते. फक्त ती का घेतली, हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, सख्ख्या बहिणीसमोर नाही. तुम्हाला सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाहीये.

चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. समोर आलेला माल तपासायचा आणि पास म्हणायचं किंवा रिजेक्ट. त्यामुळे नात्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की मला बरोबर नेतात. माझा शब्द चालतो. हे लक्षात असू द्या.

मोशीच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच — मी, माझा नवरा संदीप आणि त्याच्या आई. मीही त्यांना आईच म्हणते. सासरे लवकर गेले, तेव्हापासून त्या उदगीर सोडून इथेच असतात. त्यांचे गुडघे गेलेत. म्हणून गाडीत त्या पुढे बसायच्या आणि मी मागे. बरोबरच आहे ना? कुठल्याही घरात हेच होईल. पण लग्न झाल्यापासून एकही प्रवास असा नव्हता, ज्यात मी नवऱ्याशेजारी बसले. महाबळेश्वरला गेलो तेही तसेच. संदीपची मान मला पाठ झाली होती, मागून केस कुठे विरळ होतायत ते मला त्याच्याआधी कळलं. ते दोघं पुढे बोलायचे, मी मधे डोकं घालून "काय म्हणालात?" विचारायची. पुढे पुढे विचारणंही सोडलं.

त्या मला छळायच्या का? नाही हो. तेच तर! छळलं असतं तर मी भांडले असते, चार लोकांनी माझी बाजू घेतली असती. त्या पुढून हात मागे करून मला शेंगदाणे द्यायच्या — सोललेले, टरफलं स्वतःच्या ओटीत ठेवून. अशा बाईशी कशावरून भांडायचं?

जुनी गाडी दमली आणि दुसरी बघायला लागलो. चाकण रस्त्यावरच्या एका डीलरकडे आमच्या ऐपतीतल्या दोन गाड्या उभ्या होत्या. एक सात सीटांची, मोठ्या इंजिनाची, चढायला सोपी. संदीपला तीच आवडली. "आई आरामात बसेल," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरी ही — फोर बाय फोर जीप, कॅनव्हासचं छत, इंजिन इवलंसं, किंमतही पहिलीपेक्षा कमी. मी सहज चढून बघायला गेले तर पाय चांगला मांडीपर्यंत उचलावा लागला. मी, ड्रेस घातलेली धडधाकट बाई. पाय तसाच वर ठेवून क्षणभर थांबले. लुगड्यात, त्या गुडघ्यांनी — नाहीच जमणार.

तिथेच मी ठरवलं. चिडून वगैरे नाही, अगदी शांत डोक्याने.

टॉर्च घेऊन मोठ्या गाडीखाली शिरले. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सरळ होती. जे जोड होते ते कारखान्यातूनच आलेले, एकसारखे. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "चासीला वेल्डिंग केलंय. मोठा अपघात झालाय हिचा." डीलर बिचारा गडबडला. "ताई, परत एकदा बघा ना. एकाच मालकाच्या हातची गाडी आहे हो." संदीपने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायको रिजेक्ट म्हणाली म्हणजे रिजेक्ट.

जीपबद्दल मात्र मी एक अक्षर खोटं बोलले नाही. इंजिन लहान म्हणून गाडी हलकी, हलकी म्हणून चिखलात रुतत नाही, आणि यंत्र इतकं साधं की कुठलाही मेकॅनिक उघडेल. घाटात धापा टाकेल हेही सांगितलं. बरोबर आलेला संदीपचा मित्र हसला, "राव, मग घाटात मागून ढकलायला आम्ही यायचं का?" हसू दे. इतकी खरी कारणं पुढे उभी केल्यावर त्यांच्यामागचं एक खोटं कुणाला दिसतंय?

जीप घरी आली. आईंनी नारळ फोडला, दांडा धरून पाय उचलून बघितला आणि म्हणाल्या, "तुमी जावा. मी हाय घरी." वाद नाही, रुसवा नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

त्या रविवारी मी पहिल्यांदा पुढे बसले. पवना धरणाकडे, कच्च्या रस्त्याने, छत उघडं टाकून. संदीप इतका बोलतो हे मला माहीतच नव्हतं! मी खूश होते. आजही प्रत्येक रविवारी असते, आणि ते नाकारायला मी काही संत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चालायचंच. थांबा.

काही महिन्यांनी एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली पार्किंगमध्ये आई. वॉचमनची पांढरी प्लास्टिकची खुर्ची त्यांनी जीपला लावली होती. एक पाय खुर्चीवर, हात दांड्यावर. घसरल्या. पुन्हा चढल्या. मग कशाबशा वर गेल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या — बंद गाडीत, एकट्या, समोरच्या भिंतीकडे बघत. थोड्या वेळाने उतरल्या, पदराने खुर्ची पुसली. मी ओली चादर हातात धरून सगळं बघितलं. हाक मारली नाही, आधार द्यायला खालीही गेले नाही.

रविवारी त्या इरकल नेसून दारात उभ्या. "मला येतंय आता चढाया. खुर्ची लावून." संदीप एकदम खूश झाला. आणि मी चप्पल घालता घालता, अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "आणि तिकडे उतरायला खुर्ची कुठून आणायची, आई? पडलात म्हणजे?"

खुर्ची मागे मावली असती. मागचे दोन्ही बाक रिकामेच असतात. संदीपच्या डोक्यात ते आलं नाही, तो लगेच म्हणाला, "खरंय, आई, रिस्क नको." माझ्या डोक्यात आलं होतं. त्यांच्याही आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "बराबर हाय" म्हणाल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

आता सोसायटीतल्या बायकांना त्या सांगतात, "मला गाडी लागती बाई." उदगीर ते पुणे शेंगदाणे सोलत येणारी बाई! मी शेजारी उभी असते आणि मान हलवते.

मागितली असती तर त्यांनी ती सीट मला दिली नसती का? दिली असती. हसत दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला दिलेली नको होती, माझी हवी होती. तशी ती मी घेतली आणि परत करणार नाही.

ती पांढरी खुर्ची अजून जीपच्या दाराशीच असते. रविवारी आई वर गॅलरीत उभ्या राहतात. मी खुर्ची बाजूला सारते, दार उघडते आणि पुढे बसते.