म्हसोबाचा टवका

आमच्या जैनाबादची चारुलता इंदूरले दगडं दाबते. दोन हिऱ्यांच्या टोकांमधी दगडाचा कण धरायचा, धरणीच्या पोटात असतो तसा दाब अन् आच द्यायची, अन् तो कसा बदलतो ते एक्स-रेनं पाहायचं, हे तिचं काम.

दिवाळीले घरी आली तेव्हा केळीच्या बांधावरल्या म्हसोबाचा तिनं कोणाले न विचारता टवका काढला. तसा घट्ट काळा दगड दुसरा नव्हता. वरचा शेंदूर खरवडला की झालं, असं तिले वाटलं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा तेल-शेंदूर भेगांत मुरला होता. शेंदरात शिसं असतं अन् शिसं एक्स-रे अडवतं. चित्रात काळ्या रेघा उमटल्या. तिले शिकवणारे सर नाचायचेच बाकी होते. "तापीच्या दगडात शिसं! पेपर लिही लवकर."

चारुलतानं खरं सांगून टाकलं. सर हसले अन् नमुना बाद केला.

इकडे तिची माय गोदाबाई, म्हसोबाले आपलीच कुदळ लागली असं समजून, शनिवारी उपाशी राहू लागली होती. फोनवर ते चारुलताच्या कानी आलं. शेवटी एका शनिवारी ती घरी आली अन् चुलीपुढं बसून सारं बोलली.

भाकर थापता थापता गोदाबाई थांबली.

"तुह्या सरले कधी सांगितलं?"

"महिना झाला."

"हाव. सरले आधी. माय राहू दे उपाशी."

गोदाबाईनं गरम भाकर आपल्याच ताटात ओढली.

"आजपासून शनिवार तू धर."