बॅटरीची हजेरी

आम्हा तिघांच्या इलेक्ट्रिक सायकली आल्यापासून इतके किस्से साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा ढकलत येतो. सांगायचं काम खरं तर पुंडलिकचं. तो गेला, म्हणून मी सांगतोय. मला ते मुळीच आवडत नाही.

पुंडलिक रिटायर्ड वायरमन. रोज सकाळी महाल भागातल्या टपरीवर चहाआधी तो आमच्या बॅटऱ्यांची हजेरी घ्यायचा. बॅटरीवरचं बटण दाबलं, की असेल तितक्या चार्जचे दिवे लागतात. पूर्ण भरली असेल तर चार.

*

पहिल्याच आठवड्यात मी चार दिवे बघून ऐटीत सीताबर्डीकडे निघालो. फ्लायओव्हरच्या चढावर चाराचा एक झाला आणि सायकल ढकलत आणावी लागली.

"उभ्या सायकलचे दिवे पाहून काहून निघतं गा?" पुंडलिक म्हणाला. "चढावर किती राह्यते थे पाह्य. बसल्या जागी मीबी धडधाकटच दिसतो."

*

मे महिन्यात आमच्यातल्या तिसऱ्यानं, मोरेश्वरनं, उन्हातून आणलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली. पुंडलिकनं पिन उपटली. "पयले थंडी होऊ दे तिले."

मोरेश्वरनं ती कूलरसमोर ठेवली. पाण्याचे शिंतोडे उडायला लागले, तेव्हा पुंडलिकनं बॅटरी उचलली आणि तिथं मोरेश्वरलाच बसवलं. "तुले पानी चालते."

*

मोरेश्वर तीन महिने पुण्याला लेकीकडे निघाला, तेव्हा बॅटरी पूर्ण भरून ठेवली म्हणून खुशीत होता. पुंडलिक तापला. "रोज चालवाची असंल तं चार दिवे. लय दिवस नुसती ठेवाची असंल तं दोनच. भरून ठेवली तं आतून खराब होते."

दोन दिवे उरेपर्यंत मोरेश्वर प्रवासाच्या कपड्यांत तलावाला चकरा मारत होता. बस कशीबशी मिळाली.

*

एकदा पुंडलिकचीच बॅटरी रस्त्यात संपली. त्याच्या हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, डॉक्टरांनी पेडल मारायला मनाई केलेली. नुसतं चालतानाही त्याला धाप लागली. कडुनिंबाखाली बसून म्हणाला, "घरी सांगू नको गा."

मी सांगितलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

*

ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो टपरीवर आला. "आठ दिवसात घरी येतो. मंग आपून पारशिवनीले जाऊ. बॅटऱ्या फुल ठेवजा." वहिनींनाही त्यानं हेच सांगितलं होतं. आम्ही सगळेच त्यावर विसंबलो.

तो घरी आला नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींनी आम्हाला बोलावलं. "सायकल तुमी चालवा भाऊजी. नुसती उभी हाय."

सायकलवर बॅटरी नव्हती. वहिनींनी ती कपाटातून आणली, टॉवेलात नीट गुंडाळलेली. "दवाखान्यात जायच्या सकाळी त्यायनंच काढून ठेवली. मले म्हने, मी येऊनच राहिलो, तू हात नोको लावू."

मोरेश्वरनं टॉवेल सोडला. मी बटण दाबलं.

दोन दिवे लागले.